निराशा आणि नागरिकधर्म

दुःख आणि निराशा यांची सामान्यतः एकांतच गणना केली जाते; परंतु त्या दोहोंत महदंतर आहे. दुःख होतें तें घडलेल्या गोष्टीबद्दल. निराशा असते ती अद्यापि न घडलेल्या गोष्टीविषयीं. कायदा पायदळीं तुडविला गेला, निरपराध माणूस तुरुंगांत पडला, न्यायाधीशानें मान खालीं घातली, वृत्तपत्रानें जें छापावयाचें तें छापलें नाहीं, कीं सुजाण मनुष्यास दुःख होतें, आणि तें व्हावें हेंच योग्य. ज्यास तें होत नाहीं त्याच्याविषयीं येथें आम्हांस बोलावयाचें नाहीं. परंतु या दुःखाच्या पाठोपाठ एक दुसरा पाहुणा घरांत शिरतो आणि हळूहळू घरधनी होऊन बसतो. "आतां कांहीं व्हावयाचें नाहीं" हें त्याचें पालुपद. सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत संध्याकाळच्या चहाबरोबर हें वाक्य जितक्या सहजतेनें उच्चारलें जातें, तितक्या सहजतेनें दुसरें कोणतेंहि राजकीय मत उच्चारलें जात नसेल. या वाक्याची थोडी चौकशी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या वाक्याचा पहिला गुण असा कीं, तें बोलणारास शहाणपणाची प्रतिष्ठा मिळवून देतें. आशा बाळगणारा भोळा ठरतो, निराश मनुष्य जग पाहिलेला ठरतो. परंतु तर्कदृष्ट्या पाहिलें तर "कांहीं व्हावयाचें नाहीं" हें केवळ एक भाकित आहे. आणि एरवीं ज्योतिषास हंसणारे आम्ही सुशिक्षित लोक हें भाकित मात्र पंचांग न उघडतां मान्य करतों! शिवाय या भाकितापासून तें सांगणाराचा रोकडा लाभ होत असतो. कांहींच होणार नसेल तर आपणांस कांहीं करावयास नको. निवेदनावर सही नको, सभेस जाणें नको, वरिष्ठांची गैरमर्जी नको. आणि तरीहि अन्यायाची आपणांस खंत आहे हें समाधान पदरीं पडतेंच. खटल्याच्या निकालांत ज्या साक्षीदाराचा स्वार्थ गुंतलेला असतो त्याची साक्ष न्यायालय अधिक कसोशीनें तपासतें. निराशेची साक्ष याच न्यायानें तपासली पाहिजे. "काळ बदलेल, सर्व कांहीं आपोआप सुरळीत होईल" असें म्हणणारी भाबडी आशा ही निराशेची सख्खी बहीण होय. दोघींच्या बोलण्यांत कितीहि अंतर असलें तरी दोघीहि मनुष्यास आरामखुर्चींतून उठूं देत नाहींत.

जुलमी सत्तेस या गोष्टीची जाणीव फार प्राचीन काळापासून आहे. सुमारें २३०० वर्षांपूर्वीं ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत, जुलमी राजे आपलें आसन कसें टिकवितात याची चिकित्सा केली आहे. त्याच्या मतें त्यांचे सारे उपाय तीन हेतूंत सामावतात: प्रजेचीं मनें क्षुद्र व दीन व्हावींत, प्रजाजनांचा एकमेकांवर विश्वास उरूं नये, आणि कांहीं करून दाखविण्याचें सामर्थ्य त्यांच्या अंगीं राहूं नये. हेर, तुरुंग, शिपाई हीं केवळ साधनें; साध्य आहे ती प्रजेच्या मनाची एक विशिष्ट अवस्था. या तीन हेतूंचें आजच्या घरगुती बोलींत भाषांतर केलें तर काय होईल? "मी कोण मोठा लागून गेलों?" "बाकीचे कोणी यायचे नाहींत." "करून तरी काय उपयोग?" चहाच्या वेळचीं हींच तीं वाक्यें! तेव्हां निराशा हा जुलमाचा परिणाम आहे हें अर्धेंच सत्य झालें. ती त्या यंत्राचें एक चाकहि आहे. दार लावून हताश बसलेला सज्जन मनुष्य स्वतःस त्या राज्यकारभाराबाहेरचा समजतो. वस्तुतः तो त्या राज्याची बिनपगारी चाकरी करीत असतो.

मग सत्तेचें बळ असतें तरी कशांत? सोळाव्या शतकांत ला बोएती नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें ऐन तारुण्यांत एक लहानसा निबंध लिहून हाच प्रश्न विचारला. एका माणसापाशीं दोनच डोळे व दोनच हात असतां तो लक्षावधींवर जुलूम करतो तो कसा? त्याचें उत्तर असें कीं, ते अधिक डोळे व हात प्रजेनेंच त्यास पुरविलेले असतात. आपल्या लोकांनीं हाच सिद्धांत "गांव करी तें राव न करी" या म्हणींत सांगून ठेवला आहे. हुकूम राजवाड्यांतून निघतो खरा. परंतु तो लिहून काढणारा कारकून, छापणारा मुद्रक, बजावणारा शिपाई, शाळेंत वाचून दाखविणारा मास्तर आणि तो कायदेशीर असल्याचा निर्वाळा देणारा वकील, हे सर्व तुमच्याआमच्या घरांतलेच असतात. निराश मनुष्य "ही राजवट कशी उलथेल?" असें विचारतो. या प्रश्नाचें उत्तर एकट्यादुकट्यापाशीं कधींच नसतें, म्हणून तो हातपाय गाळतो. त्याऐवजीं "या राजवटीच्या कामाचा कोणता भाग माझ्या हातांतून जातो?" असें त्यानें विचारलें, तर त्याचें उत्तर बहुधा त्यास त्याच दिवशीं मिळेल.

आमचा व्यवसाय अध्यापनाचा असल्यामुळें या विषयाचा विचार करतांना नॉर्वेंतील शिक्षकांचें उदाहरण आमच्यापुढें नेहमीं उभें राहतें. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मनीनें त्या देशावर स्वारी केली. १ फेब्रुवारी १९४२ रोजीं जर्मनांच्या कृपेनें क्विसलिंग हा तेथें मुख्य प्रधान झाला. पुढें इंग्रजी भाषेंत याचें नांव देशद्रोह्यास पर्यायशब्द म्हणून रूढ झालें. अधिकारावर येतांच थोड्याच दिवसांत त्यानें दोन कायदे केले. एकानें सर्व शिक्षकांस त्याच्या पक्षाच्या हुकमतींतील एका नव्या शिक्षकसंघाचे सभासद ठरविण्यांत आलें. दुसऱ्यानें १० ते १८ वर्षांच्या मुलामुलींस पक्षाच्या युवकसंघटनेची सक्ती झाली. वरवर पाहतां शिक्षकानें नवें असें काय करावयाचें होतें? कांहींच नाहीं. सभासद तो कायद्यानेंच झाला होता. त्यानें फक्त गप्प बसावयाचें होतें. हुकूमशाही सामान्य माणसापाशीं पुष्कळदां एवढेंच मागते.

त्या वेळीं देशांत परकी सैन्य होतें. हिटलरचें राज्य बहुतेक युरोपभर पसरलें होतें. सुटकेचें चिन्ह कोठेंहि दिसत नव्हतें. निराशेस सबळ कारण पाहिजे असल्यास तें तेथें भरपूर होतें. अशा स्थितींत ऑस्लो शहरांतील कांहीं शिक्षकांनीं गुप्तपणें चार ओळींचा एक मजकूर तयार केला. या युवकसंघटनेच्या धोरणानें मुलांना वळण लावणें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नाहीं, आणि नव्या संघाचे आपण सभासद नाहीं, एवढाच त्याचा मथितार्थ होता. हा मजकूर हातोहातीं देशभर पोंचला. प्रत्येकानें तो उतरून घ्यावा, खालीं आपलें नांव व पत्ता लिहावा, आणि सर्वांनीं तो एकाच दिवशीं टपालांत टाकावा, असें ठरलें. तो दिवस २० फेब्रुवारी १९४२ हा होय. देशांतील १२-१४ हजार शिक्षकांपैकीं फार मोठ्या बहुसंख्येनें तें पत्र पाठविलें.

सरकारनें जळणाच्या टंचाईचें निमित्त पुढें करून महिनाभर शाळा बंद ठेवल्या. परिणाम उलटाच झाला. ही वार्ता घराघरांत गेली आणि पालकांच्या निषेधपत्रांचा सरकारी कचेरींत ढीग पडूं लागला. मार्च महिन्यांत सुमारें ११०० शिक्षकांस अटक झाली. छावणींत त्यांस अपुऱ्या अन्नावर ठेवून बर्फांतून व चिखलांतून रांगावयास लावीत. सभासदत्व मान्य केलें कीं सुटका, असें आमिष समोर होतेंच. फारच थोडे नमले. एप्रिलमध्यें त्यांपैकीं सुमारें ५०० जणांस एका बोटींत कोंबून उत्तर ध्रुववृत्तापलीकडील किर्केनेस या बंदरावर धाडण्यांत आलें आणि तेथें त्यांच्याकडून हमाली करून घेण्यांत आली. इकडे त्यांच्या बायकामुलांसाठीं लोकांनीं पैसा उभा केला. शाळा पुन्हां उघडल्या तेव्हां बाहेर राहिलेल्या शिक्षकांनीं वर्गांत उभें राहून, आपण त्या संघाचे सभासद नाहीं, असें मुलांस सांगितलें. मे महिन्यांत क्विसलिंग स्वतः एका शाळेंत गेला व शिक्षकांवर ओरडला कीं, तुम्हीं माझा सारा डाव धुळीस मिळविला. त्याचा तो उद्गार खरा होता. नोव्हेंबरपर्यंत किर्केनेसचे शिक्षक घरीं परतले. नवा संघ कागदावरच राहिला. आणि धंदेवार सक्तीच्या संघांवर नवें राज्य उभारण्याची त्याची योजना त्यास गुंडाळून ठेवावी लागली.

या हकिगतीचें मोल ठरवितांना अतिशयोक्ति करूं नये. शिक्षकांनीं जर्मन सैन्य हांकून लावलें नाहीं. नॉर्वे मुक्त झाला तो मे १९४५ मध्यें, जर्मनीच्या शरणागतीनंतर. परंतु शिक्षकांनीं जें काम अंगावर घेतलें होतें तें पार पाडलें. राज्याच्या कामाचा जो भाग त्यांच्या हातांतून जात होता, म्हणजे मुलांचीं मनें, तो त्यांनीं जाऊं दिला नाहीं. आणि ज्या रीतीनें त्यांनीं हें केलें ती रीति आम्हांस त्यांच्या धैर्याइतकीच विचारणीय वाटते. सर्वांचा मजकूर एक, दिवस एक, प्रत्येकाची सही मात्र स्वतंत्र. मजकूर एक असल्यामुळें वक्तृत्वाची गरज उरली नाहीं, दिवस एक असल्यामुळें "आधीं कोण?" हा प्रश्न उरला नाहीं, आणि सही ज्याची त्याची असल्यामुळें गर्दींत लपण्याची सोय उरली नाहीं. ॲरिस्टॉटलनें सांगितलेल्या तिन्ही व्याधींवर त्या चार ओळींच्या पत्रांत उतारा होता. आपण वीरपुरुषाची वाट पाहत बसतों, आणि तो येत नाहीं म्हणून खिन्न होतों. शहाणी योजना ती, जी भित्र्या माणसास लागणाऱ्या धैर्याचा वांटा त्याच्या आवांक्यांत आणून ठेवते. आपल्या धंद्यांतील दहा माणसांशीं खुलेपणानें बोलणें ही या योजनेची पहिली पायरी होय. आणि निराश मनुष्य नेमकें हेंच करीत नाहीं, कारण बाकीचे काय म्हणतील हें त्यानें न विचारतांच ठरवून टाकलेलें असतें.

येथें एक आक्षेप येतो व तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. गृहस्थाश्रमी माणसानें आपल्या मुलांची भाकरी पणास लावावी काय? स्वतःचा त्याग करण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे. परंतु पत्नीमुलांचा त्याग त्यांच्यावतीनें करण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला? ज्यास ही अडचण भासत नाहीं त्यानें संसार केलेला नाहीं असेंच आम्ही म्हणूं. परंतु हा आक्षेप अमुक एका कृत्याविरुद्धचा असूं शकेल. तो सर्वच कृत्यांविरुद्ध लागू पडत नाहीं. नॉर्वेमध्यें सर्वच कांहीं किर्केनेसला गेले नाहींत. कोणी पत्र लिहिलें, कोणी पैसे दिले, कोणी वर्गांत दोन वाक्यें बोललें. खोट्यावर सही न करणें, शेजाऱ्याची चहाडी न करणें, पकडलेल्याच्या घरीं डाळतांदूळ पोंचविणें, ज्याच्याशीं बोलावयास लोक भितात त्याच्याशीं रस्त्यांत थांबून बोलणें, मतदानास जाणें, खऱ्या बातमीसाठीं पदरचे पैसे मोजणें, अशा पायऱ्या पुष्कळ आहेत. सर्वांच्या शिरावर सारखें ओझें नाहीं. परंतु कोणाच्याच शिरावर कांहीं नाहीं असेंहि नाहीं. शिवाय मुलांच्या हितासाठीं म्हणून आपण मौन धरतों, तेव्हां मुलें जवळच बसलेलीं असतात. कोठें मौन धरावें हें शिक्षण त्यांस आपणांकडून कोणत्याहि फीशिवाय मिळत असतें.

दुसरा आक्षेप अपयशाचा. नॉर्वेंत यश आलें. न आलें तर? याचें उत्तर शोधण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. २५ जून १९७५ च्या रात्रीं आपल्या देशांत अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. त्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनीं लेखनस्वातंत्र्याचा उघड कैवार घेतला. पुढें त्यांस तुरुंगवास घडला. स्थानबद्धांस न्यायालयाचें दार ठोठावतां येतें, असा निर्णय नऊ उच्च न्यायालयांनीं दिला होता. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो चार विरुद्ध एक अशा बहुमतानें फिरविला. तो एक म्हणजे न्यायमूर्ति हंसराज खन्ना. त्यांनीं आपलें विरुद्ध मत लिहिलें तेव्हां त्यानें एकहि स्थानबद्ध सुटणार नव्हता, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. जानेवारी १९७७ मध्यें त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यांत आलें व त्यांनीं राजीनामा दिला. येथवरचा हिशेब निव्वळ तोट्याचा आहे. परंतु निकालास अकरा महिने होतात न होतात तोंच, मार्च १९७७ मध्यें, मतदारांनीं सत्ताधारी पक्षास केंद्रांतून दूर केलें. स्वतः पंतप्रधान रायबरेलींत पराभूत झाल्या. १९७६ च्या उन्हाळ्यांत असें भाकित करणारास आपल्यापैकीं बहुतेकांनीं वेड्यांत काढलें असतें. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें १९७६ चा तो निर्णय स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. त्या पीठावर न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड होते; १९७६ च्या बहुमतांत त्यांचे वडील न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. एकट्यानें लिहिलेलें मत ४१ वर्षें कपाटांत पडून राहिलें, पण तें लिहिलेलें होतें म्हणून सांपडलें.

दक्षिण कोरियाचा अनुभवहि याच जातीचा आहे. मे १९८० मध्यें ग्वांगजू शहरांतील नागरिकांचा उठाव लष्करानें रक्तांत बुडविला. त्या दिवशींचा हिशेब मांडणारास तें केवळ व्यर्थ बलिदान वाटलें असेल. परंतु त्या आठवणीनें पुढची पिढी घडली. १९८७ मध्यें रस्त्यावर उतरलेल्या जनतेनें अध्यक्षाची थेट निवडणूक मिळविली. आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं तेथील अध्यक्षानें अचानक लष्करी कायदा पुकारला, तेव्हां नागरिक आपण होऊन विधिमंडळापुढें जमले, प्रतिनिधि कुंपणावरून चढून आंत गेले, आणि हजर असलेल्या १९० च्या १९० जणांनीं तो कायदा उठविण्याच्या बाजूनें मत दिलें. सुमारें सहा तासांत सर्व आटोपलें. ते सहा तास समजण्यास मागचीं ४४ वर्षें पाहावीं लागतात.

तथापि प्रत्येक कृत्याचें फळ असें केव्हांतरी हातीं येतेंच, असें आम्ही म्हणणार नाहीं. तें म्हणणें म्हणजे वर धिक्कारलेल्या भाबड्या आशेसच मागल्या दारानें घरांत घेण्यासारखें होईल. फेब्रुवारी १९४३ मध्यें म्युनिक विश्वविद्यालयांत हिटलरविरुद्ध पत्रकें वांटणाऱ्या हान्स व सोफी शोल या भावंडांस अटकेपासून चार दिवसांत ठार करण्यांत आलें. त्यांस साहाय्य करणारे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर यांचाहि जुलै महिन्यांत शिरच्छेद झाला. युद्ध त्यानंतर जवळजवळ दोन वर्षें चाललें. त्यांच्या मरणानें तें एका दिवसानेंहि लवकर संपलें असें कोणास सिद्ध करतां येणार नाहीं. मग तें कृत्य चुकलें काय? हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. आपल्या अंतःकरणांतून "होय" असें उत्तर येत नसेल, तर कृत्याची योग्यता केवळ त्याच्या यशावर मोजावयाची नसते, हें आपण मनांतून मान्यच केलें आहे.

कर्मयोगाच्या आपल्या परंपरेंत हा विचार नवा नाहीं. लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्य' हा कर्मयोगावरील ग्रंथ लिहिला तो मंडालेच्या तुरुंगांत, सहा वर्षांची शिक्षा भोगीत असतांना. तो प्रसिद्ध झाला १९१५ मध्यें. परंतु फलाशा सोडणें याचा अर्थ फलाविषयीं बेफिकीर होणें असा पुष्कळ लोक करतात, आणि मग तेंहि निराशेचेंच एक सोंवळें रूप होतें. वैद्य रोगी वांचेलच अशी हमी मागून औषध देत नाहीं. पण म्हणून तो वाटेल ती पुडी बांधून देतो असेंहि नाहीं. उलट खात्री नसते तेथें तो अधिक जपतो. नॉर्वेंतील शिक्षकांनीं दिवस, मजकूर व सही यांचा जो विचार केला होता तो याच वृत्तीचा. यशाची खात्री मागावयाची नाहीं, आणि यशासाठीं लागणारी अक्कल मात्र सर्व खर्चावयाची, अशी ही दुहेरी शिस्त आहे.

आजची हुकूमशाही पुष्कळ ठिकाणीं रणगाड्यावर बसून येत नाहीं. निवडणुका होत राहतात, न्यायालयें भरत राहतात, वर्तमानपत्रें निघत राहतात. आंतला प्राण तेवढा हळूहळू काढून घेतला जातो. अशा वेळीं अमुक दिवशीं स्वातंत्र्य गेलें असें दाखवितां येत नाहीं, आणि म्हणून अमुक दिवशीं उठलें पाहिजे असेंहि कोणास वाटत नाहीं. येथें नागरिकाची कसोटी मोठ्या प्रसंगीं लागत नाहीं. ती रोजच्या टपालांत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत, कचेरीच्या टिपणींत, पंचनाम्याखालच्या सहींत लागते. आमच्या वाचकांपैकीं कोणी शिक्षक आहेत, कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी सरकारी नोकर, कोणी घर चालविणाऱ्या माता आहेत. राज्याच्या कामाचा कांहींना कांहीं भाग या प्रत्येकाच्या हातांतून जातो. त्या भागापुरतें खोटें आपल्या हातून होणार नाहीं, आणि त्याच धंद्यांतील आणखी चार माणसांशीं त्याविषयीं आपण बोलूं, एवढा निश्चय करण्यास उद्यां काय होईल हें ठाऊक असण्याची गरज नाहीं. तें नॉर्वेंतील त्या शिक्षकांसहि, पत्र टपालांत टाकतांना, ठाऊक नव्हतें.